सूर्य न मावळणाऱ्या गावात तीन रात्री



"डॉक्टर, झोप नीट होत नाही." माझ्या ओपीडीत हे वाक्य रोज चार-पाच जण तरी बोलतात. सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझं त्यावरचं उत्तर ठरून गेलं होतं. "चहा कमी करा, मोबाईल लांब ठेवा, रात्री लवकर जेवा." एवढं सांगून मी लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. शुगर किती आली? बीपीची गोळी चालू आहे ना?

गेल्या वर्षी जुलै महिन्यात मी तीन रात्री अशा एका गावात काढल्या, जिथे सूर्य मावळतच नव्हता. तिथून परत आल्यावर ते ठरलेलं उत्तर मला पुन्हा तसंच देता आलं नाही. आजच्या लेखात थोडं प्रवासवर्णन आहे, थोडं शरीरशास्त्र आहे आणि माझी स्वतःची एक चूकही आहे. तीच चूक कदाचित तुमच्या घरातही होत असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

हे गाव आहे तरी कुठे?

आमची मुलगी नोकरीसाठी सिएटलला असते. मी आणि माझी पत्नी तिच्याकडे राहायला गेलो होतो. दोन आठवडे झाल्यावर तिनेच सुचवलं, "बाबा, अमेरिकेचं उत्तरेकडचं शेवटचं गाव बघून या." आम्ही दोघं निघालो. आधी अँकरेज, आणि तिथून दुसऱ्या विमानाने सरळ उत्तरेला.

गावाचं नाव उत्किआग्विक. जुन्या नकाशांत ते 'बॅरो' या नावाने सापडेल. ब्रिटिश नौदल खात्यातले अधिकारी सर जॉन बॅरो यांच्यावरून ते नाव पडलं होतं. २०१६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून आपलं जुनं नाव परत घेतलं. इथले मूळ रहिवासी इनुपियाट लोक. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४,९२७ होती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. पण या खेड्याला बाहेरून येणारा एकही रस्ता नाही. माणसं विमानाने येतात आणि जड सामान उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ हटला की बोटीने येतं.

गाव ७१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे ५०० किलोमीटर उत्तरेला. समोर चुकची समुद्र. आम्ही गेलो तेव्हा त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. भर उन्हाळ्यात तापमान चार अंश होतं. झाड एकही नाही. वरची थोडी माती उन्हाळ्यात सैल होते, पण खालची जमीन बाराही महिने गोठलेली असते. म्हणून घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. घराची ऊब जमिनीत उतरली तर बर्फ वितळून घरच खचेल. गावाच्या बऱ्याच भागात पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइपसुद्धा उबदार ठेवलेल्या भुयारातून नेले आहेत. रस्ते मातीचे आणि खडीचे. किनाऱ्यावर देवमाशाच्या दोन प्रचंड हाडांची कमान उभी आहे. देवमाशाची शिकार हा इथल्या लोकांचा शेकडो वर्षांचा आधार आहे आणि आजही ठरवून दिलेल्या संख्येतच ती होते.

आता मुख्य गोष्ट. इथे मे महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास सूर्य उगवतो तो थेट ऑगस्टच्या सुरुवातीला मावळतो. ऐंशीहून जास्त दिवस अखंड उजेड. हिवाळ्यात उलट. नोव्हेंबरच्या मध्यानंतर सूर्य बुडतो आणि जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा दिसतो. तुलनेसाठी आपलं पुणं घ्या. डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा, जूनमध्ये साधारण १३ तासांचा. फरक अवघा दोन तासांचा. आपल्याला रात्र रोज न मागता मिळते, त्यामुळे तिची किंमत कळत नाही.

पहिली रात्र

आम्ही एका छोट्या लॉजमध्ये उतरलो होतो. मालकीणबाई साठीच्या, इनुपियाट. खोली दाखवताना त्यांनी खिडकीचा जाड काळा पडदा ओढून दाखवला आणि बजावलं, "रात्री दहा वाजले की हा बंद करायचा. बाहेर बघायचं नाही." मी मान डोलावली. रस्त्यावरून येताना कित्येक घरांच्या खिडक्यांना आतून ॲल्युमिनियमची चकाकती फॉइल लावलेली दिसली होती. आपण पोळ्या गुंडाळतो तीच. ती कशासाठी, हे आता कळलं.

पण इतक्या लांब येऊन मध्यरात्रीचा सूर्य बघायचा नाही म्हणजे काय? माझ्या पत्नीने डोळ्यांवर ओढणी बांधली आणि ती दहा मिनिटांत झोपली. मी साडेअकराला पडदा बाजूला केला. बाहेर आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला असतं तसं पिवळसर ऊन पडलं होतं. मुलं सायकली फिरवत होती. मी जॅकेट चढवून बाहेर पडलो. एकट्याने गावाबाहेर जाऊ नका, पांढरी अस्वलं येतात, अशी सूचना मिळालेली होती, म्हणून घरांच्या ओळीतच फिरत राहिलो. फोटो काढले. रात्री अडीचच्या सुमारास सूर्य उत्तरेला सगळ्यात खाली आला आणि क्षितिजाला न टेकता पुन्हा वर चढू लागला. अडीचला का? कारण अलास्काचं सरकारी घड्याळ आणि इथला खरा सूर्य यांच्यात सुमारे अडीच तासांचं अंतर आहे. इथली मध्यरात्र घड्याळात अडीचला होते.

मला मुळीच झोप येत नव्हती. उलट विलक्षण तरतरी वाटत होती. खोलीत येऊन शंकरपाळ्यांचा डबा उघडला. चार वाजता पडलो, सातला जाग आली.

दुसरी आणि तिसरी रात्र

आता एक खाजगी गोष्ट सांगतो. मला स्वतःला आठ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. गोळ्यांवर नीट ताब्यात आहे. ग्लुकोमीटर प्रवासात बरोबर असतोच. सिएटलमध्ये माझी उपाशीपोटी साखर ११० ते १२० च्या दरम्यान येत होती. उत्किआग्विकमधल्या पहिल्या सकाळी ती १२६ आली. दुसऱ्या सकाळी १४१. तिसऱ्या सकाळी १६३.

गोळ्या त्याच. चालणं भरपूर. मग झालं काय?

दुसऱ्या रात्री मी शहाण्यासारखा पडदा बंद करून दहाला आडवा झालो, पण झोप येईना. एक वाजला, दोन वाजले. भूकही अवेळी लागत होती. रात्री साडेअकराला आम्ही आणलेले तिखटमिठाचे पोहे मी एकट्याने संपवले, कारण बाहेर ऊन होतं आणि पोटाला ती दुपारची वेळ वाटत होती. तिसऱ्या दिवशी डोकं जड, डोळे चुरचुरत होते. देवमाशांबद्दलची माहिती बघायला आम्ही तिथल्या इनुपियाट संग्रहालयात गेलो. २००७ मध्ये इथे पकडलेल्या एका देवमाशाच्या अंगात एकोणिसाव्या शतकात बनवलेल्या भाल्याचं टोक सापडलं होतं, म्हणजे तो प्राणी शंभराच्या वर वर्षं जगला होता. एरवी अशा गोष्टीवर मी तासभर बोललो असतो. त्या दिवशी मी बाकावर बसल्या बसल्या डुलक्या काढत होतो.

संध्याकाळी तर कमाल झाली. रात्रीची गोळी घेतली की नाही, हेच मला आठवेना. मी डॉक्टर! दिवसभर लोकांना गोळ्यांच्या वेळा सांगणारा माणूस. नंतर लक्षात आलं की घरी माझी गोळी 'दिवेलागणीनंतरचं जेवण' या सवयीला बांधलेली आहे. इथे दिवेलागणच नव्हती. पत्नीने विचारलं, "अहो, डबीत बघा ना, गुरुवारचा कप्पा रिकामा आहे का?" मी तिच्यावर खेकसलो, "मला समजतं, तू सांगू नकोस." कप्पा रिकामा होता. गोळी घेतलेली होती. आणि पत्नीची माफी मागायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला, अर्थात तिथे 'उजाडणं' असं काही नव्हतंच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. तीन दिवसांचे एका माणसाचे आकडे म्हणजे पुरावा नव्हे. अवेळी पोहे आणि शंकरपाळे खाल्ल्यानेही साखर वाढलीच असणार. पण मुळात मी अवेळी खाल्लं का, हाही प्रश्न आहेच.

तुम्हाला वाटेल, हा सगळा जेटलॅग असेल. भारत आणि अलास्का यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो हे खरं. पण आम्ही दोन आठवडे सिएटलला राहून आलो होतो. तिथे शरीर जुळलं होतं. सिएटल आणि अलास्का यांत फरक फक्त एका तासाचा. तेव्हा जे झालं ते मुख्यतः उजेडामुळे आणि माझ्या हट्टामुळे.

मालकीणबाईंचा प्रश्न

शेवटच्या सकाळी माझा चेहरा बघून मालकीणबाईंनी कॉफी पुढे सरकवली आणि विचारलं, "शेवटची सलग झोप कधी झाली तुमची?"

मी हसून म्हटलं, "मी डॉक्टर आहे, मला कळतंय काय झालंय ते."

त्या म्हणाल्या, "मीही पूर्वी हेल्थ एड होते. आमच्याकडे उन्हाळ्यात कोणी काहीही तक्रार घेऊन आलं, डोकं दुखतंय, पोट बिघडलंय, भांडण झालंय, हात कापलाय, तरी माझा पहिला प्रश्न हाच असायचा."

'हेल्थ एड' म्हणजे काय ते सांगतो. अलास्कातली शेकडो खेडी रस्त्यांनी जोडलेली नाहीत. १९५० च्या दशकात तिथे क्षयरोगाने थैमान घातलं होतं. रोज औषध देणार कोण? मग गावातल्याच लोकांना शिकवून औषधं देण्याचं काम सोपवलं गेलं. त्यातून ही पद्धत वाढली आणि १९६८ मध्ये तिला सरकारी मान्यता आणि निधी मिळाला. आपल्याकडच्या आशाताईंची आठवण होते ना? फरक एवढाच की तिथल्या हेल्थ एडला जास्त मोठं प्रशिक्षण असतं आणि ती दूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून उपचारही करते. उत्किआग्विकमध्ये स्वतःचं छोटं रुग्णालय आहे, पण आजूबाजूच्या खेड्यांत पहिला आधार हेल्थ एडचाच. पेशंट फार गंभीर असेल तर विमानाने अँकरेजला, म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटर दूर न्यायचं. अशा ठिकाणी तक्रारीचं मूळ लवकर ओळखणं किती गरजेचं असेल, विचार करा.

मी विचारलं, "मग उन्हाळ्यात तुम्ही झोपता कसे?"

"शिकारीचे दिवस असले की आम्हीही झोपत नाही. उजेड आहे तोवर काम उरकायचं असतं. पण त्यानंतर झोप भरून काढतो. आणि ज्यांना सकाळी नोकरीवर, शाळेत जायचंय, त्यांनी घड्याळ बघून झोपायचं. आकाश बघून नाही."

कॉफी तशीच राहिली. माझ्या डोळ्यांसमोर माझा एक पेशंट उभा राहिला होता.

माझी चूक

त्यांचं नाव सांगत नाही. वय ४६. एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारे. मधुमेह सहा वर्षांपासून. दोन वर्षं त्यांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ९ च्या खाली येत नव्हती. मी गोळ्या वाढवत गेलो आणि प्रत्येक वेळी तेच बोललो, "तुम्ही पथ्य पाळत नाही."

ते एकदाच म्हणाले होते, "डॉक्टर, झोपच होत नाही हो. रात्रपाळी करून आलो की दिवसा पत्र्याच्या खोलीत पडायचं. उजेड, उकाडा, पोरांचा गलका. आणि पाळी दर आठवड्याला बदलते." मी म्हटलं होतं, "सगळेच करतात नोकरी. तुम्ही आधी भात कमी करा."

त्यानंतर दोन महिन्यांनी रात्रपाळी संपवून घरी येताना मोटरसायलवर त्यांचा डोळा लागला. गाडी घसरली. मांडीचं हाड मोडलं. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून वाचले. मी त्यांना बघायला हॉस्पिटलमध्ये गेलो होतो, पण साखर आणि अपघात या दोन गोष्टी एकाच धाग्याने बांधलेल्या आहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मला तीन रात्रींत जे सोसेना, ते हा माणूस अनेक वर्षं सोसत होता. मला तर जाड पडदा होता, आणि तोही मी स्वतःच्या हाताने उघडला. त्यांच्या खिडकीला पडदाच नव्हता. आणि त्यांना मी बेशिस्त म्हणत होतो.

शरीरातलं घड्याळ कसं चालतं?

आता थोडं शास्त्र, सोप्या भाषेत.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका आहे. हे शरीराचं मुख्य घड्याळ. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

गंमत अशी की हे घड्याळ बरोबर २४ तासांचं नाही. बहुतेकांचं ते काही मिनिटं जास्तीचं असतं. म्हणजे रोज थोडं मागे पडणारं घड्याळ. ते रोज जुळवून घ्यावं लागतं, आणि जुळवण्याचं काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. त्या चित्र दाखवण्यापेक्षा 'दिवस आहे की रात्र' एवढं मेंदूला कळवण्याचं काम करतात. काही अंध व्यक्तींमध्ये या पेशी शाबूत असतात, त्यामुळे काहीही दिसत नसूनही त्यांचं झोपेचं चक्र बरोबर चालतं.

अंधार पडला की मेंदूतली पिनिअल नावाची ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. हा निरोप असतो : रात्र झाली, कामं आवरा. मग शरीराचं तापमान थोडं उतरतं. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्क्यांनी खाली येतो. पचनसंस्था आणि स्वादुपिंड मंदावतात. डोळ्यावर भरपूर उजेड पडत राहिला तर तो निरोप निघतच नाही. मी रात्री अडीचला सूर्याकडे बघत उभा होतो तेव्हा माझ्या मेंदूला मी स्वतःच सांगत होतो की अजून दिवस आहे.

साखरेशी याचा संबंध काय? स्वादुपिंड आणि यकृत यांचीही स्वतःची घड्याळं असतात. आपण रात्री उशिरा जेवलो तर तोच पदार्थ दिवसापेक्षा जास्त साखर वाढवतो. शिवाय झोप कमी झाली की इन्सुलिनचा परिणाम घटतो. शिकागोमध्ये १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली. ते तरुण होते, निरोगी होते. मग आधीच मधुमेह असलेल्या माणसाचं काय होत असेल?

आणि अंधारही फार झाला तर चालत नाही. उत्किआग्विकच्या हिवाळ्यात दोन महिने सूर्य नसतो. अशा प्रदेशांत काहींना ऋतूप्रमाणे येणारं नैराश्य होतं. त्यावर सकाळी ठराविक वेळ प्रखर दिव्यासमोर बसणं हा मान्यताप्राप्त उपचार आहे. शरीराला दोन्ही लागतं, सकाळचा उजेड आणि रात्रीचा अंधार.

परत आल्यावर

क्लिनिक सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्या पेशंटना बोलावलं. कुबडी घेऊन, पत्नीबरोबर आले. मी म्हटलं, "माझं चुकलं. झोपेचं तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." ते एवढे ओशाळले की मलाच काही सुचेना. त्यांची पत्नी मात्र म्हणाली, "मी यांना तेव्हाच म्हणत होते, डॉक्टरांना नीट सांगा."

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. खिडकीला आणि दाराच्या फटीला जाड काळं कापड. कानात कापूस. रात्रपाळीनंतर घरी येताना गॉगल, म्हणजे सकाळचा कडक उजेड डोळ्यात कमी जाईल. पण झोप येत असेल तेव्हा गाडी चालवायची नाही, कंपनीच्या बसने यायचं. मुख्य जेवण पाळीला जाण्याआधी, मध्यरात्रीनंतर फक्त थोडं हलकं. एक गोळी बदलली, कारण तिने रात्रपाळीत साखर अचानक खाली जाण्याचा धोका होता. आणि पाळी दर आठवड्याला उलटसुलट बदलण्याऐवजी सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमाने फिरवावी, अशी विनंती करणारं पत्र मी त्यांच्या कंपनीला लिहिलं. आपलं घड्याळ २४ तासांपेक्षा जरा लांब असल्यामुळे त्याला पुढे सरकणं सोपं जातं, मागे येणं अवघड.

सहा महिन्यांनी त्यांचं एचबीए१सी ९.२ वरून ७.८ वर आलं. यात गोळी बदलल्याचाही वाटा आहे, जेवणाच्या वेळांचाही आहे आणि झोपेचाही आहे. कोणाचा किती, हे मला सांगता येणार नाही. पण भात त्यांनी पहिल्याइतकाच खाल्ला, हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं.

तुम्ही काय करू शकता?

१. सकाळी उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं उघड्यावर, नैसर्गिक उजेडात जा. सूर्याकडे थेट बघू नका. नुसतं चालणं पुरे.

२. झोपण्याआधी दीड-दोन तास घरातले मोठे दिवे बंद करा. मोबाईलचा उजेड सूर्याच्या तुलनेत अगदी थोडा असतो, पण त्यातलं भांडण, बातम्या आणि मालिका मेंदूला जागं ठेवतात. त्यामुळे नुसता स्क्रीनचा रंग पिवळा करून भागत नाही.

३. खोली अंधारी ठेवा. पापण्या मिटल्या तरी थोडा उजेड आत झिरपतो. पडदा परवडत नसेल तर डोळ्यांवर ओढणी किंवा काळी पट्टी बांधा. आमच्या घरातला अनुभव सांगतो, उपाय उत्तम आहे.

४. रोज उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवा, रविवारीसुद्धा.

५. चहा-कॉफीचा परिणाम पाच-सहा तासांनी फक्त निम्मा झालेला असतो. संध्याकाळनंतर टाळा. झोप यावी म्हणून दारू घेऊ नका. तिने डोळा लागतो, पण झोप तुकड्या-तुकड्यांची होते.

६. मधुमेहाच्या पेशंटनी लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांशी गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा ठरवून घ्याव्यात. वारांचे कप्पे असलेली डबी वापरा. गोळी घेतली की नाही अशी शंका आली तर अंदाजाने दुसरी घेऊ नका किंवा इन्सुलिन पुन्हा टोचू नका. आधी साखर तपासा. इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाबरोबर गेलं आणि गोठलं तर ते निकामी होतं.

७. झोपेत जोरात घोरणं, श्वास अडकल्यासारखा होणं, दिवसभर पेंग येणं ही लक्षणं असतील तर ती नुसती 'झोपेची सवय' समजू नका. तपासून घ्या. झोपेच्या गोळ्या आणि मेलाटोनिनसुद्धा दुकानातून परस्पर आणून घेऊ नका.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा साखरेचा आणि बीपीचा कागद दाखवताना झोपेबद्दलही आपणहून सांगा. किती वाजता झोपता, कितीला उठता, मध्ये किती वेळा जाग येते, पाळी कोणती आहे. डॉक्टर घाईत असतील, माझ्यासारखं दुसरंच काही बोलतील, तरी पुन्हा सांगा.

माझ्या ओपीडीच्या केसपेपरवर आता वजन आणि बीपीच्या खाली एक नवीन ओळ छापलेली आहे : 'शेवटची सलग झोप कधी झाली?' हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. तो उत्किआग्विकच्या मालकीणबाईंचा आहे.

काळजी घ्या. आज रात्री दिवे जरा लवकर मालवा.